गाऱ्हाण्याची पुढची आवृत्ती

बाबांचा आवाज गेला तेव्हा पहिला महिनाभर मला घरातली शांतता आवडली. खोटं कशाला सांगू. लालबागची आमची एक खोली नि एक मोरी त्या आवाजाने काठोकाठ भरलेली असायची. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागली, ती गिरणी गेली तरी गेली नाही. नंतर वॉचमनची नोकरी आली, तीही संपली. आई शेवटच्या आजारात पडून होती तेव्हाही तिला चहा विचारायचा तो असा, की खालच्या मजल्यावरच्या बाईने "मलापण टाका" म्हणावं. मग घशात गाठ निघाली, परळला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. गळ्यावर एक भोक राहिलं. त्यावर बाबा पांढरं फडकं बांधतात आणि तिथून श्वास घेतात.

शेजारणी म्हणायच्या, "बिचारे गं." मी मान हलवायची. मनात म्हणायची, आता तरी टीव्हीवरच्या बातम्या मला ऐकू येतील.

पण एका दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आमचा घरचा गणपती या खोलीतच बसतो. चतुर्थीला आरती झाली की आम्ही मालवणी माणसं गाऱ्हाणं घालतो. घरातला मोठा पुरुष देवासमोर उभा राहून सगळ्या कुटुंबाचं मागणं मोठ्याने मांडतो. कोणाचं लग्न जमू दे, कोणाचं दुखणं बरं होऊ दे, कोण वाकडा वागत असेल त्याला सरळ वाटेवर आण. प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणं दरवर्षी नवीन असतं, त्यामुळे पाठ करून भागत नाही. बाबा हे काम फार सुंदर करायचे. गॅलरीतून जाणारी माणसं दारात थबकायची. गिरणीने, वॉचमनच्या खुर्चीने आणि, स्पष्टच सांगते, आम्हीही या माणसाला कधी फारसं मोजलं नव्हतं. वर्षातून ती दहा मिनिटं मात्र त्यांची असायची.

माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वडाळ्याला राहतात. सरकारी कचेरीत कारकून होते, आता रिटायर आहेत. ते जन्मभर मागच्या रांगेत उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आले. ऑपरेशननंतर बाबांनी नीट डोळे उघडले त्या दिवशी काका मोसंबी घेऊन वॉर्डात आले, पिशवी स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, तू काय काळजी करू नको. गाऱ्हाण्याचा मी बघतंय." बाबांच्या नाकात नळी होती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते बोलणारं ॲप मीच शोधून दिलं. मराठीत लिहिलं की फोन बोलून दाखवतो. तशी ॲप बरीच आहेत, पण त्यांचं मराठी ऐकवत नाही आणि मालवणी शब्द तर ती चावून थुंकतात. हे एक वेगळं होतं. कोणा एका कंपनीचं नाही, जगभरातली माणसं आपापली नोकरी सांभाळून फुकट तयार करतात. शब्द चुकीचा बोललं तर आपण तो शिकवू शकतो. बाबांनी त्याला 'म्हाराजा' शिकवलं, 'खय' शिकवलं, दोन शिव्याही शिकवल्या. पहिल्या दिवशी फोन बोलला, "चेडवा, च्या टाक." मी हसले आणि च्या टाकला.

अडचण शिमग्याच्या सुमाराला कळली. बाबांनी गाऱ्हाण्याच्या ओळी लिहून ठेवल्या होत्या. समोर उभं राहून एकेक ओळ दाबायची, लोक 'व्हय' म्हणाले की पुढची, असा त्यांचा बेत. चार ओळी ठीक गेल्या. पाचवीला आवाज अडकला, घशात कफ अडकावा तसा खर्रर्र झाला आणि ॲप आपोआप बंद पडलं. पुन्हा उघडून बोलतं व्हायला त्याने इतका वेळ घेतला की तेवढ्यात निरांजन विझलं असतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चहा मागायला चार वाक्यं पुष्कळ होतात. गाऱ्हाण्याला नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, आधीच रेकॉर्ड करून ठेवू ना. तुकडे जोडते मी. किंवा तुमचा जुना आवाज आहे माझ्या फोनमध्ये, मागच्या गणपतीचा."

त्यांनी पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात टाईप केलं, आणि फोन बोलला, "देव काय बहिरो आसा?"

हे वाक्य मला ओळखीचं होतं. समोरच्या बिऱ्हाडात एका वर्षी आरती टेपवर लावली होती, तेव्हा बाबा गॅलरीत उभे राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं हेच ओरडले होते. त्या घरची सून तेव्हा रडली होती. आता ते शब्द त्यांच्याच गळ्यात आले. टेप चालणार नाही, त्या क्षणी मनात येईल ते बोललं पाहिजे, हा नियम त्यांचाच.

काकांनी उन्हाळ्यात येऊन तह केला. खुर्चीत बसून, गुडघ्यावर हात ठेवून, फार उदार चेहऱ्याने. "मोबाईलान घाल. माझी ना नाय. पण देवासमोर गाऱ्हाणा मधेच अडाकता नये. अडाकला तर फुडचा मी घालतलंय, आणि मगे ता माझ्याकडेच ऱ्हवतला." बाबांनी मान हलवली. त्यांना वाटलं, अजून चतुर्थी लांब आहे.

मग एका रविवारी मी त्यांना त्या ॲपच्या प्रकल्पाचं पान उघडून दिलं. माझी नोकरी लोअर परळला एका कंपनीच्या तक्रार विभागात आहे. पूर्वी तिथे गिरणी होती. बाबांची नव्हे, दुसरीच. इतकं जुळून यायला हा काही सिनेमा नाही. दिवसभर मी लोकांना लिहिते, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे', आणि ती बंद करते. त्यामुळे तक्रारीचं पुढे काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. पण इथे एक फरक होता. आमच्याकडे गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही. या प्रकल्पात सगळं उघड्यावर. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसारखं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं.

मी त्यांना दाखवलं. ही तक्रारींची जागा, इथे आपली तक्रार लिहायची, तिला नंबर मिळतो. ही घंटी, ती दाबली की तक्रारीवर कोणी काही लिहिलं की आपल्याला कळतं. तक्रारीशेजारी एखाद्याचं नाव लागलं म्हणजे त्याने ते काम अंगावर घेतलं. इथे रोजच्या बदलांची नोंद असते, प्रत्येक बदलापुढे एक ओळ, कोणी काय केलं. आणि ही हिरवी पट्टी. पुढच्या आवृत्तीत जी जी कामं करायची ठरली आहेत, त्यातली जसजशी होतील तसतशी ही भरत जाते. पट्टी भरली की आवृत्ती निघते.

"आणि तक्रार बंद झाली म्हणजे फोन सुधारला असं नाही हं," मी बजावलं. "दुरुस्ती आधी कोडात जाते, मग चाचणीच्या आवृत्तीत, मग पक्क्या आवृत्तीत. ती आली की आपण अपडेट करायचं."

फोन बोलला, "कापड सांच्यारसून उतारला म्हणजे दुकानात इला असा नाय."

"तेच ते."

तक्रार आम्ही दोघांनी मिळून लिहिली. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. चार ओळींनंतर मराठी आवाज थांबतो, पाचवीला ॲप बंद पडतं, हे स्पष्ट लिहिलं. खाली बाबांच्या हट्टामुळे हेही घातलं, की मला गळ्याने बोलता येत नाही आणि गणपतीत मला देवाशी बोलायचं आहे.

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने स्वतःच्या फोटोच्या जागी मांजराचा फोटो लावला होता, म्हणून बाबा त्याला मांजरवाला म्हणू लागले. कुठल्या देशातला, देव जाणे. त्याचं इंग्रजी बाबा फोनकडून मराठी करून घेत. पहिल्याच उत्तराचं मराठी असं आलं, "क्षमस्व, मी पुनरुत्पादन करू शकत नाही." बाबांनी माझ्याकडे दुःखाने बघितलं. फोन बोलला, "बिचाऱ्याक पोर नाय." मी इतकी हसले की मला उचकी लागली. मग समजावलं, की त्याच्या फोनवर हा बिघाड होत नाही असं तो म्हणतोय, त्याला आपल्या फोनची माहिती हवी. ती दिली. दोन दिवसांनी त्याने लिहिलं, सापडलं. तक्रारीशेजारी त्याचं नाव लागलं आणि ती पुढच्या आवृत्तीच्या कामांत गेली. ती आवृत्ती श्रावणात यायची होती. चतुर्थीच्या आधी.

त्या दिवसापासून बाबांना धंदा मिळाला. सकाळी दूध तापलं की चष्मा लावून पान उघडायचं. आधी पट्टी बघायची, मग घंटी, मग बदलांच्या ओळी. कोणी बंगाली आवाज सुधारला, कोणी रंग बदलला, सगळं वाचायचे. मी डबा भरत असताना फोन बातम्या द्यायचा, "काल काम नाय झाला. आयतवार होतो." किंवा, "पट्टी अर्ध्याच्या फुडे गेली." रागवावं तर कोणावर? आईच्या औषधांच्या वेळा या माणसाने कधी अशा सांभाळल्या नव्हत्या.

मग मांजरवाला गप्प झाला. आठवडा गेला, दुसरा गेला. पट्टी पुढे सरकत होती ती दुसऱ्यांच्या कामांनी. आमच्या तक्रारीवर शुकशुकाट. मी म्हटलं, "फुकट काम करतोय तो, बाबा. असेल त्याचं काही. एक अंगठा दाबून ठेवा, म्हणजे आपल्याला अजून हवंय एवढं त्याला कळेल. जास्त काही करू नका."

आता जास्त काही करू नका हे वाक्य आयुष्यात ज्याने मानलं नाही त्याला ते सांगणारी मी शहाणी. बाबा गिरणीत असताना युनियनचे. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली, की एकट्याचा अर्ज टोपलीत जातो आणि शंभर माणसं गेटवर उभी राहिली की मॅनेजर खाली येतो. वास्तविक त्यांच्या संपात हजारो माणसं गेटवर उभी राहिली आणि कोणी खाली आलं नाही. पण त्यातून ते काही शिकले नाहीत. शिकले असते तर ते माझे बाबा कसले.

मी ऑफिसात असताना ते खाली मंडळाच्या मांडवात गेले. मुलं बांबू बांधत होती. बाबांनी त्यांना फोनवरून सगळी हकिगत ऐकवली, चार-चार ओळींच्या हप्त्यांनी, मधे मधे ॲप बंद पडतंय आणि पुन्हा उघडतंय. याहून चांगला पुरावा काय हवा? मुलं पेटली. "काका, टेन्शन नाय. आपण सगळे लिवतो. बघू कसा नाय करत." एकेकाने त्या पानावर खातं उघडलं. मुलांनी मित्रांना सांगितलं, मित्रांनी आयांना सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाईने लिहिलं, जिला ॲप म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. लिहायचं काय हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. एका माणसाने गाऱ्हाणं घातलंय, मग बाकीच्यांनी काय म्हणायचं असतं?

माझा फोन टेबलावर थरथरू लागला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची तक्रार बंद करत होते. उचलून बघितलं. आमच्या तक्रारीखाली एकाखाली एक, एकाखाली एक, व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. कोणी उद्गारचिन्हं घातलेली, कोणी हात जोडलेले. मला आधी हसू आलं. ते टिकलं नाही. कारण त्यातली प्रत्येक ओळ एक मेल होऊन मांजरवाल्याकडे जात होती, आणि त्याच्याबरोबर प्रकल्पातल्या सगळ्यांकडे. माझ्या टेबलावर असं झालं असतं तर मी काय केलं असतं, हे मला नीट ठाऊक होतं. तेच झालं. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईने लिहिलं, की हा मजकूर आम्हाला समजत नाही, हा कचरा थांबवा, चर्चेला कुलूप लावत आहोत. तिच्या वरची ओळ मांजरवाल्याची होती. "माझ्याच्याने हे होणार नाही. दुसऱ्या कोणी घ्यावं." त्याने तक्रारीवरचं आपलं नाव काढून घेतलं.

घरी आले तर बाबा झोपलेले. चेहऱ्यावर सभा जिंकून आल्याचं समाधान. मी उठवलं नाही. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी मी मोरीतून बाहेर आले तेव्हा बाबा पलंगावर उभे होते. अक्षरशः उभे, वयाची सत्तरी जवळ आलेला माणूस. फोन माझ्यासमोर नाचवत होते. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली.

फोन बोलला, "बगलंस? मॅनेजर खाली इलो!"

मीच शिकवलं होतं, पट्टी भरली की झालं. एक गोष्ट शिकवायची राहिली होती. कामं पूर्ण झाली तर पट्टी भरते, हे खरं. पण उरलेलं काम यादीतून काढून टाकलं तरी ती भरते. आमची तक्रार त्यांनी त्या आवृत्तीतून काढली होती. आमच्यामुळेच ती अडली होती बहुतेक. आम्ही गेलो आणि पट्टी भरली.

मी त्यांना खाली बसवून सांगितलं. कुलूप म्हणजे काय हेही सांगितलं.

"म्हणजे?" फोनने विचारलं.

"म्हणजे आता तिथे तुम्हाला बघता येईल. बोलता येणार नाही."

माझ्या तोंडून हे गेलं आणि मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. बाबांनी फडकं सारखं केलं. मग त्यांनी मला फोनवरचा एक निरोप दाखवला, जो ते मी अंघोळीला असताना काकांना आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवून बसले होते. 'झाला. गाऱ्हाणा मीच घालतलंय.' खाली काकांचा एक अंगठा.

"आता कळवा त्यांना, की नाही झालं."

त्यांनी नाही कळवलं. नवी आवृत्ती आली, बाबांनी स्वतः अपडेट केली, चार ओळी दाबल्या, पाचवी दाबली. खर्रर्र. तेव्हाही नाही कळवलं. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. गाऱ्हाणं चार ओळींत बसवायला घेतलं. रोज काही ना काही कापत होते. कोणाची बारशी, कोणाची दुखणी, गावच्या वाटणीचा तंटा, सगळं एका ओळीत कोंबायचे, वाचायचे, पुन्हा मोडायचे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते जमलं. चार ओळी, त्यात सगळं कुटुंब. मी ऐकलं आणि मनापासून म्हटलं, "बाबा, मस्त झालंय." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच.

चतुर्थीला खोलीत उभं राहायला जागा नव्हती. आरती झाली. बाबा पुढे झाले, दोन्ही हातांत फोन. पहिली ओळ. "बा देवा म्हाराजा, मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे." व्हय म्हाराजा! दुसरी. व्हय म्हाराजा! गॅलरीतली माणसं दारात थांबली. तिसरी. चौथी, चुकलंमाकलं पोटात घालायची. व्हय म्हाराजा! झालं होतं. संपलं होतं. बाबांनी फोन खाली घेतला, आणि मी श्वास सोडला.

"दादा," काका मागून म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "माझ्या नातवाच्या ॲडमिशनचा ऱ्हवला मरे."

खोलीत सगळे बाबांकडे बघू लागले. नातू तिथेच उभा होता, नवा कुर्ता घालून. लेकरासाठी मागणं घालायला सांगितलं तर देवासमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी ओळ लिहिली आणि दाबली. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराक..." पुढे खर्रर्र. पडदा काळा.

काका लगेच पुढे आले नाहीत. हे मी कधी विसरणार नाही. ते थांबले. सगळ्यांना ती शांतता पुरेशी ऐकू येईपर्यंत थांबले. मग बाबांच्या शेजारी येऊन, हात जोडून, नेमकं तिथूनच उचललं, "ह्या पोराक बऱ्या कॉलेजात ॲडमिशन गावांदी, म्हाराजा. आणि माझ्या दादाक वाचा दी." आणि सगळ्यांनी, जन्मभराच्या सवयीने, म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मी म्हटलं नाही. माझ्या एकटीच्या न म्हणण्याने काय होणार होतं?

जेवणं झाल्यावर मी काकांना गॅलरीत गाठलं. "पाचवी ओळ अडकणार हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

ते बडीशेप चघळत होते. "काय गो, त्या पानार लिवलेला आसा ना. चारच्या फुडे जाणा नाय. तक्रार उघडीच आसा." त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. आमचीच तक्रार. घंटी दाबलेली. "नातवान लावन दिल्यान. मी रोज बघतंय."

सगळं उघड्यावर असतं, कोणीही यावं, बघावं, हे मीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं ना. काकाही त्या 'कोणीही'तलेच होते.

दिवाळीनंतर कधीतरी कोणा तिसऱ्याच माणसाने ते काम उचललं. त्याला आमची काही माहिती नव्हती, कुलूप लावलेल्या चर्चेत जुनी भांडणं वाचायला कोण बसतं? त्याने एका ओळीतला एक आकडा बदलला. नव्या आवृत्तीच्या टिपणात खालून दुसरी ओळ होती, 'मराठी आवाज काही वाक्यांनंतर थांबत असे, दुरुस्त.' बाबांनी ती मला दाखवली आणि दिवसभर फोनवर बडबडत राहिले. जुनी भांडणं, गिरणीतल्या गमती, आईबद्दलही एक, जी मला ठाऊक नव्हती. फोन थांबला नाही. त्या दिवशी टीव्हीवर काय चाललं होतं ते मला कळलं नाही, आणि मला ते चाललं.

यंदाच्या चतुर्थीला त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा लांब लिहिलं. कापलेले सगळे परत आत घेतले. आरती झाली, बाबा पुढे झाले, आणि काका त्यांच्याही पुढे उभे होते.

"काका, फोन दुरुस्त झालाय," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"माका ठाव आसा. तुझ्या बापाशीच्या आधी वाचलंय मी." त्यांनी वळूनही बघितलं नाही. "पण आता कित्याक? ठरलेला तसा ठरलेला. देवाक आता माझ्या आवाजाची सवय झाली."

मी भांडले. चुलत भावांना म्हटलं, आत्यांना म्हटलं. सगळे मोदकांकडे बघत होते. एक आत्या म्हणाली, "सणाच्या दिवशी नको गो." बाबांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि स्वतःही मागे आले, शेवटच्या रांगेत, जिथे काका जन्मभर उभे होते. फोनवर त्यांनी दोन शब्द लिहिले.

काकांनी गाऱ्हाणं लांबवलं. आवाज त्यांचा पातळ आहे, दारात कोणी थांबलं नाही. प्रत्येक वाक्य संपलं की बाबा पडद्यावर बोट टेकवायचे आणि फोन सगळ्यांच्या बरोबर, अगदी वेळेवर, स्पष्ट म्हणायचा, "व्हय म्हाराजा." शेवटच्या वाक्यापर्यंत तो एकदाही अडकला नाही.